माहेरच्या वाटेचं कुंकू

एका राज्यात कुंकू एकाच घरी बनत असे. राज्य मोठं, सात नद्यांचं, बावन्न वेशींचं. पण कुंकवाचं घर एकच. ते होतं हळदीच्या मळ्याला लागून, भिवरा नावाच्या बाईचं. तिच्या सासूने कुंकू कांडलं, सासूच्या सासूने कांडलं, आता भिवरा कांडत होती. निवडक हळकुंडं घ्यायची, लिंबाच्या रसात आणि टाकणखारात भिजवायची, सावलीत सुकवायची, उखळात घालून कांडायची, आणि जुन्या मऊ लुगड्यातून वस्त्रगाळ करायची. पिवळ्याचं लाल नेमकं कधी झालं हे तिलाही कधी सांगता आलं नाही.

आता त्या राज्याची रीत ऐका. ती कळली नाही तर पुढचं काही कळायचं नाही, आणि मग मध्येच विचारत बसाल.

तिथे कुंकू हे माहेरचं लेणं होतं. पोर जन्मली की बाराव्या दिवशी आई तिच्या कपाळी पहिलं बोट टेकवी. सासरी निघाली की तिला उंबऱ्यात उभी करून आधी मेण लावी, मेणावर कुंकू दाबी, आणि भरला करंडा पदरात घाली. त्या कुंकवात माहेरची वाट असे. खरीखुरी वाट, कुठल्या वळणावर चिंच, कुठल्या ओढ्यात पाय जपून टाकायचा, कुणाच्या दारातलं कुत्रं उगाच भुंकतं, सगळं त्यात. रोज सकाळी आरशासमोर बसून अनामिका टेकवली की ती वाट कपाळात ताजी होई. नवऱ्याच्या असण्यानसण्याशी कुंकवाचा संबंधच नव्हता. ते त्याने दिलेलं नव्हतं, मग त्याच्याबरोबर जाईल कसं? म्हणून तिथल्या नव्वदीच्या म्हाताऱ्याही बारीक चिरी ओढत, आणि भिवरेचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली तरी तिचं कुंकू ठसठशीत होतं.

डोंगराकडच्या बाया आडवं लावीत, नदीकाठच्या गोल, राजधानीतल्या नखरेल बाया चंद्रकोर काढीत. नुसतं कपाळ पाहून गाव सांगता येई. उंबरा, उखळ, नांगर, गाईचं कपाळ, लग्नाची पत्रिका, कशाचीच सुरुवात कुंकवावाचून होत नसे. दारी आलेली बाई कपाळाला बोट न लागता परत गेली असं कुणी ऐकलं नव्हतं. फार बरे दिवस होते ते. आपले दिवस बरे आहेत हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, एवढंच.

त्या राज्याचा राजा भद्रसेन. त्याची राणी कनकगौरी लांबच्या, समुद्राकाठच्या राज्यातली; पण पाठवणीला आईने तिला दिलेला करंडाही भिवरेच्याच घरच्या कुंकवाचा. राजाने तिला काय दिलं नाही? शिंपल्यांचा महाल दिला, बोलक्या हंसांचं तळं दिलं, बारा महिने फुलणारी जाई दिली. राणी सगळ्याला छान म्हणे. पण दिवस कलला की सज्जात उभी राही, पश्चिमेकडे तोंड करी, कपाळाला बोट लावी आणि स्वतःशी हसे. एकदा राजाने विचारलंच, हसायला काय झालं. राणी म्हणाली, या वेळी आमच्या किनाऱ्यावर मासळी वाळत असते, तिचा वास आठवला.

राणी, आणि वाळत्या मासळीचा वास! राजा महालात चंदन जाळत होता, कस्तुरी शिंपडत होता, आणि ही बाई मासळी आठवत होती. त्याच्या मनाला ते फार लागलं. त्याने भस्मजट मांत्रिकाला बोलावलं.

"राणीच्या कपाळातून तिचं माहेर काढ," राजा म्हणाला.

"काढतो, महाराज. पण..."

"पण नको."

मांत्रिकाने तोंड मिटलं. तो मोजकं बोलणारा माणूस होता, आणि सांगितलेलं काम करणारा. त्या न बोललेल्या वाक्यात एवढंच होतं की सगळं कुंकू एकाच उखळातलं, त्यातून एका कपाळापुरतं लाल वेगळं काढता येत नाही. राजाने ऐकून घेतलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि आपण आपापल्या कामाला लागलो असतो.

दुसऱ्या सकाळी राज्यातल्या सगळ्या करंड्यांतलं कुंकू राखेच्या रंगाचं झालं. कपाळाला लावलं तर भुरभुर गळून पडे. भिवरेने नवं कांडलं. हळद पिवळीची पिवळीच राहिली. तिने टाकणखार बदलला, लिंबं बदलली, उखळ धुऊन पुन्हा पूजलं. काही उपयोग झाला नाही. आपल्याच हातातलं कसब गेलं असं वाटून ती दोन दिवस जेवली नाही. आणि बायका? त्या शहाण्यासुरत्या होत्या, कामं करीत होत्या, हसत बोलत होत्या. फक्त लग्नाआधी आपण कुठे होतो हे एकीलाही आठवत नव्हतं.

नागपंचमी आली. त्या दिवशी दर गावात झोके टांगत आणि सासुरवाशिणी माहेरी येत. झोके टांगले, पण एकही लेक आली नाही. आणायला गेलेले भाऊ रिकाम्या हातांनी परतले. बहिणींनी त्यांना पाटावर बसवून जेवू घातलं होतं आणि विचारलं होतं, पाहुणे कुठले म्हणून.

भिवरेची एकुलती एक लेक साळू, वैशाखात लग्न होऊन तीन गावं पलीकडे दिलेली. तिला आणायला जायला भाऊ नव्हता, म्हणून भिवरा स्वतःच गेली. साळू अंगणात तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, पाय धुवायला पाणी दिलं, हातावर गूळ ठेवला. सगळं कसं रीतीला धरून. मग पदर सावरून म्हणाली, "बाई, आपण कोणाकडे आलात?"

भिवरेने हातावरचा गूळ खाली ठेवला. तिला वाटलं, ही चेष्टा करते आहे. मग वाटलं, लग्न होऊन चार महिने झाले नाहीत आणि पोरगी बदलली. ती पाणी प्यायली आणि उठली. गावाबाहेर उंबराखाली मात्र तिला रडू आवरेना. ज्या पोरीला वीस वर्षं हातावर वाढवलं तिने आपल्याला पाहुणी म्हणावं, हे तिला सोसवत नव्हतं. एकदा, फक्त एकदा साळूने आई म्हणून हाक मारावी, मग काहीही होवो, असं ती उंबराच्या खोडाला सांगत होती.

उंबरावर तांबट पक्षी बसला होता. हिरवा, ठेंगणा, कपाळावर लालभडक ठिपका. सगळ्या राज्यात तेवढंच एक लाल कपाळ उरलं होतं, कारण त्याचं कुंकू भिवरेच्या घरचं नव्हतं, देवाघरचं होतं. तांबट फार गोड बोलणारा पक्षी नव्हे. टुक टुक करीत त्याने तिचं रडणं संपण्याची वाट पाहिली.

"झालं रडून?" तांबट म्हणाला.

"झालं."

"मग ऐक. लाल मेलेलं नाही. भस्मजटाच्या गुहेत रांजणात भरून ठेवलं आहे. पण रिकाम्या हाताने जाऊ नकोस. कुंकू टिकायला मेण लागतं, सरळ लागायला आरसा लागतो. आधी आग्यामाश्यांचं मेण आण, मग लहानपणीच्या तळ्याचा आरसा आण, मग लाल माग. पहिलं बोट राणीच्या कपाळी टेकव. जादू तिथे सुरू झाली, तिथेच सुटेल."

भिवरेने डोळे पुसले, पदर खोचला आणि निघाली. तांबट पुढे, ती मागे.

पहिल्यांदा लागला आग्यामाश्यांचा कडा. पोळी अशी की डोंगरालाच गोणपाटं टांगलीत वाटावं. आजवर तिथे जो आला तो मशाल आणि धूर घेऊन आला, आणि निम्मे परत गेले नाहीत. भिवरा कड्याखाली उभी राहिली आणि शेजारणीकडे विरजण मागावं तशी हाक मारून म्हणाली, मला बोराएवढं मेण हवं आहे, द्याल का.

माश्यांची राणी खाली आली. "धूर कुठे आहे?"

"आणला नाही. मागायला आलेल्या बाईने चूल बरोबर आणू नये."

माश्या बराच वेळ आपसांत गुणगुणल्या. त्यांच्या हजार वर्षांत कुणी काही मागितलंच नव्हतं; लोक येत आणि नेत. शेवटी वरून मेणाचा पिवळा गोळा तिच्या ओच्यात पडला. बोर म्हटलं होतं, लिंबाएवढा पडला.

मग लागलं लहानपणीचं तळं. त्यात पाहिलं की आपलं लहानपण दिसे. ज्याला पाहून उठता येई त्याच्या हाती तळ्याचं पाणी ताटलीसारखं घट्ट होऊन येई, तोच आरसा. ज्याला उठता येत नसे तो पायाकडून दगड होत जाई. काठावर असे पुष्कळ दगड होते, सगळे वाकून बसलेले, सगळ्यांच्या तोंडावर हसू.

भिवरा वाकली. पाण्यात सातएक वर्षांची पोर दिसली, दोन वेण्या, परकराला चिखल. तिच्यासमोर हिरव्या लुगड्यातली एक बाई बसली होती. ती पोरीच्या कपाळाला मेण लावत होती आणि मेण चिकट म्हणून पोर तोंड वेडंवाकडं करत होती. बाई हसली. तिचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. तिने पोरीची हनुवटी धरली, कुंकू लावलं, आणि उरलेलं बोट पोरीच्या नाकावर पुसलं. पोर खिदळली. मागे चुलीवर काहीतरी उतू जात होतं आणि दोघींचं तिकडे लक्ष नव्हतं.

भिवरेला उठवेना. पोर आपण आहोत हे तिला कळलं, पण बाई कळेना. तिचे घोटे दगडाचे झाले. मग पोटऱ्या झाल्या.

"ऊठ," तांबट म्हणाला.

"थांब. ही बाई कोण ते आठवू दे."

"तुझी आई."

भिवरा पाण्यावर आणखी वाकली. जिने बोट धरून चालवलं, त्या बाईचं नावही तिला आठवत नव्हतं. मनातल्या मनात ती साळूवर रागावली होती. इतकी वाट चालली तरी तो राग तिने कुणाला दाखवला नव्हता. तो तिथल्या तिथे गेला. पोरीचा काय दोष? आपणही तेच केलं, आणि आपल्याला पत्तासुद्धा लागला नाही. तिला आईची एवढी आठवण येत होती, आणि आठवायला हाताशी काहीच नव्हतं. ती पाण्याला म्हणाली, "आई, येते हं." मग गुडघ्यांवर हात रेटून उठली. दगड टरफलासारखा गळून पडला आणि तिच्या हातात आरसा आला.

तिसऱ्यांदा लागली भस्मजटाची गुहा. दारात सात फण्यांचा नाग होता. त्याने आरसा पाहिला, मेण पाहिलं आणि बाजूला सरला. आत भस्मजट चुलीपाशी बसून स्वतःसाठी भाकरी थापत होता. भिवरेकडे पाहून त्याने परात बाजूला केली. राजाने काय सांगितलं, आपण काय केलं, हे त्याने काही न लपवता सांगितलं. कोपऱ्यात रांजण होता. त्यात राज्यातलं सगळं लाल होतं, आणि गुहेचं छत त्याने उजळलं होतं.

"चोरून नेलंस तर हाताची राख होईल," मांत्रिक म्हणाला. "रांजणाला शापच तसा आहे. त्याला रिकामं राहता येत नाही. जे नेशील त्याच्या तोलाचं इथे ठेवावं लागेल."

"माझ्यापाशी त्या तोलाचं काय आहे?"

"तुझी लेक. तिच्या पहिल्या बोटापासून तिला सासरी धाडलंस तोवरची तुझी सगळी आठवण. ती ठेव, लाल ने. साऱ्या लेकींना माहेर आठवेल, साळूलाही. तुला मात्र साळू आठवणार नाही. आणि तोलासाठी ठेवलेलं परत येत नाही, हेही सांगून ठेवतो. मागच्या खेपेला मला बोलू दिलं नाही."

भिवरा खाली बसली. साळूने आई म्हणून हाक मारावी यासाठी ती इथवर आली होती. आता साळू हाक मारेल, आणि हाक कुणाला मारली ते भिवरेला कळणार नाही. तिने मांत्रिकाला विचारून पाहिलं, आपलं उखळ चालेल का, डोळे चालतील का, उरलेलं आयुष्य चालेल का. मांत्रिकाने प्रत्येक वेळी नकाराची मान हलवली.

"तिला मी आठवेन ना?" भिवरेने विचारलं.

"पूर्ण. तुझ्या हाताला येणारा हळदीचा वाससुद्धा."

"मग घे. पण थोडं थांब."

ती गुहेच्या दारात बसली आणि तिने साळूला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा आठवून घेतलं. पायाळू जन्मली होती. चंद्राला भाकर म्हणायची. कांडणाचा आवाज ऐकल्याशिवाय झोपत नसे, म्हणून भिवरा रिकाम्या उखळातही मुसळ मारत बसायची. गोवरात सहा दिवस मांडीवर होती. सासरी निघताना रडली नाही, उलट आईलाच दटावलं की वेळेवर जेवत जा. सगळं आठवून झालं तेव्हा चुलीवरची भाकरी करपली होती. मांत्रिकाने ती उलथली नव्हती. भिवरा उठली आणि तिने दोन्ही हात रांजणावर ठेवले.

डोंगर उतरताना तिच्या कडेवर लालाने भरलेली घागर होती आणि मनात एक रिकामी जागा होती. ती जागा कशाची ते तिला सांगता येत नव्हतं. वाटेत तिने तांबटाला विचारलं, मी कशासाठी निघाले होते रे. तांबट नेहमीचा फटकळ, पण त्या वेळी जरा थांबून बोलला. म्हणाला, राणीला कुंकू लावायला.

राजा महालाच्या पायऱ्यांवरच बसला होता. राणी आता सज्जात उभी राहत नसे, पश्चिमेकडे पाहत नसे, आणि हसतही नसे. राजाने दिलेल्या सगळ्याला पूर्वीसारखंच छान म्हणे, पण तिच्याकडे पाहून राजाला भीती वाटे. माहेर काढलं की ती पूर्ण आपली होईल असा त्याचा हिशेब होता. माहेराबरोबर निम्मी राणीच गेली होती. त्याने भिवरेसमोर मुकुट काढून ठेवला आणि चूक माझी असं सगळ्या दरबारादेखत सांगितलं. भिवरेने राजाला काही ऐकवलं नाही. तिला घाई होती.

तिने राणीला पाटावर बसवलं, आरसा समोर धरला, कपाळाला मेण लावलं आणि अनामिका घागरीत बुडवून टेकवली.

त्याच घटकेला राज्यातल्या सगळ्या करंड्यांतली राख लाल झाली. सूप हातात असलेल्यांनी सूप ठेवलं, भाकरी थापणाऱ्यांनी हात धुतले, आणि सगळ्या रस्त्याला लागल्या. राणीने डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि हसली. राजाला कळलं कशाचा वास आला ते. तो म्हणाला, "उद्या निघू. मीही येतो. तो वास मला घ्यायचा आहे." भिवरेलाही आपली आई आठवली, नाव आठवलं, तुटका दात आठवला. आई जाऊन बावीस वर्षं झाली होती, तरी तिला फार आनंद झाला.

त्या वर्षी त्या राज्यात नागपंचमी भाद्रपदात झाली. कुणी पंचांग पाहिलं नाही. गावोगावी झोके चढले.

साळू तीन गावं धावत आली. भिवरा अंगणात कुंकू कांडत होती, लालाने हात भरलेले. साळू दारातूनच "आई" म्हणाली. भिवरेने वर पाहिलं. एक तरणी सवाष्ण, घामेजलेली, गोड चेहऱ्याची. भिवरेने मागे वळून पाहिलं, ही कुणाला हाक मारते म्हणून. मग हसून म्हणाली, "या, बसा. उन्हातून आलात. कुंकू न्यायला आलात का?"

कुडावर तांबट बसला होता. त्याने साळूला बाजूला बोलावून चार वाक्यांत सगळं सांगितलं. पाचवं वाक्य त्यालाही जमलं नाही. साळूला वाटलं, ओरडावं, आईला धरून हलवावं, तू असं का केलंस म्हणून भांडावं. ती परसात गेली, पदर तोंडात धरून उभी राहिली. मग तोंड धुऊन परत आली आणि उखळाच्या पलीकडे बसली.

"मी याच घरात वाढले," साळू म्हणाली. "एक गोष्ट सांगू तुम्हाला?"

"सांगा की. कांडता कांडता ऐकते."

साळूने सांगितलं. या घरात एक पोर होती. एकदा सगळे शेतात गेले असताना तिने कुंकवाचा डबा उघडला आणि दिसेल त्याला कुंकू लावलं. वासराला लावलं, मांजरीला लावलं, पाटा, वरवंटा, केरसुणी, आणि शेवटी परसातल्या भोपळ्याला लावलं. आठ दिवसांचं कांडण एका दुपारी संपवलं. भिवरा मुसळ टेकवून हसू लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, काय वांड पोर हो ही, मग तिच्या आईने पाठ मऊ केली असेल.

"नाही. आईने हळद आणली आणि भोपळ्याला हळदही लावली. म्हणाली, अर्धी पूजा करू नये."

"बरी होती की आई."

"फार बरी," साळू म्हणाली. "अजून आहे."

निघताना भिवरेने तिला उंबऱ्यात उभी केली, मेण लावलं, कुंकू लावलं. रीतच होती ती. साळूने तिचा हात क्षणभर नाकाशी धरला. भिवरेला ते नवल वाटलं, पण तिने हात काढून घेतला नाही. उलट म्हणाली, पुन्हा कधी येताय, त्या पोरीचं अजून काही असेल तर सांगा, मला करमत नाही हो एकटीला.

साळू दिवाळीला आली, संक्रांतीला आली, पुढच्या नागपंचमीला आली. दर खेपेला एक गोष्ट घेऊन आली. भिवरेची आठवण परत आली नाही. तोलासाठी ठेवलेलं परत येत नाही, हे मांत्रिकाने खरंच सांगितलं होतं. पण दुसऱ्या वर्षी ती साळूला अगं-तुगं करू लागली. तिसऱ्या वर्षी सण जवळ आला की कांडण टाकून वेशीपर्यंत जाऊन उभी राहू लागली, आणि साळूला उशीर झाला तर तिच्यावर रागावू लागली.

तेव्हापासून त्या राज्यात रीत पडली ती अजून चालू आहे. नद्या सातच्या सात वाहत आहेत, हळदीचे मळे पिकत आहेत, बायकांची कपाळं लाल आहेत. लेक माहेरी येते, उंबऱ्यात कुंकू लावून घेते, आणि पाणी पिण्याआधी आपल्या लहानपणची एक गोष्ट आईला सांगते. आईला ती तोंडपाठ असते. तरी ती हातातलं काम ठेवते, लेकीजवळ बसते आणि विचारते, मग पुढे काय झालं.